साताऱ्यात समुद्री चाच्यांचा वाढदिवस: कवट्या नकोत, नकाशा हवा

ताई, मुलगा सहा वर्षांचा होतोय, त्याला समुद्री चाच्यांचाच वाढदिवस हवाय, सासूबाईंना शुभदिवशी काळं कापड आणि कवट्या घरात नकोत, जागा म्हणजे हॉल आणि गच्ची, मुलं बाराएक. एवढं तुम्ही लिहिलंय. यात नातवाचं आणि आजीचं, दोघांचंही मन राखता येतं.

आधी सासूबाईंचं. पाहुणे यायच्या आधी, नव्या कपड्यांत, पाटावर बसवून औक्षण करून घ्या. वेष त्यानंतर. झेंडा काळा हवाच असंही नाही. खरे चाचे लाल झेंडाही लावत, आणि तो दिसला की खलाशांची जास्त गाळण उडे, कारण शरण न येणाऱ्याची गय नाही असा त्याचा अर्थ होता. लाल कापडावर पुठ्ठ्याच्या दोन तलवारी चिकटवा, कवटीचा प्रश्नच मिटतो.

शिवाय आपल्याकडे कान्होजी आंग्रे असताना परक्या चाच्यांवर कशाला थांबायचं? इंग्रज त्यांना चाचा म्हणत, पण ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून त्यांना साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या बाजूला आणलं, म्हणजे तुमच्या गावाशीही नातं आहे. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा लागे. नसेल तर जहाज पकडलं जाई. यातून निमंत्रणपत्रिका तयार होते. पिवळट कागदावर मुलाचं नाव, तारीख, वेळ लिहा, खाली बटाटा कोरून केलेला शिक्का उमटवा आणि ‘दस्तकाशिवाय गलबतावर प्रवेश नाही’ अशी ओळ टाका. दाराशी तुमचा मुलगा सरखेल म्हणून दस्तकं तपासेल. सुरुवातीला बुजणारी मुलंसुद्धा यात लगेच रमतात. एखादा विसरलाच तर दोन कोरी दस्तकं जवळ ठेवा, नाहीतर दारातच रडारड.

सजावटीवर फार खर्च करू नका. मुलांच्या लक्षात राहतो तो खजिन्याचा शोध, म्हणून तुमचा वेळ तिथे घाला. ड्रॉइंगचा जाड कागद चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवून पंख्याखाली वाळवा. कडा जाळायच्या भानगडीत पडू नका, हाताने फाडल्या तरी तशाच दिसतात. गच्चीवरून अजिंक्यतारा किल्ला दिसतो ना? मग नकाशावर तोच काढा: ‘अजिंक्यताऱ्याकडे तोंड करा आणि सात पावलं चाला.’ पावलं मात्र तुमच्या मुलाला चालायला लावून मोजा, मोठ्यांच्या पावलांनी मोजलीत तर सगळी गल्लत होईल.

या वयाला जोडाक्षरं अडतात, म्हणून खुणा चित्रांच्या ठेवा. तुळशीवृंदावन, शिलाई मशीन, चपलांचं कपाट, पिठाचा डबा अशी घरातलीच ठिकाणं घ्या. एक खूण पांढऱ्या मेणबत्तीने पांढऱ्या कागदावर काढा. मुलांनी वरून पातळ जलरंग फिरवला की मेणावर रंग धरत नाही आणि चित्र उमटतं. लिंबाच्या रसाची अदृश्य शाईही होते, पण तिला इस्त्री लागते, लहान मुलांच्या गर्दीत ती नको. गच्चीचा कठडा, जिना आणि पाण्याची टाकी यांच्या आसपास एकही खूण ठेवू नका आणि वर एक मोठं माणूस कायम उभं करा. डोळ्यावरची पट्टी कपाळावरच बरी, एका डोळ्याने पळताना अंतराचा अंदाज चुकतो. डोक्याला जुन्या सुती ओढणीचे तुकडे बांधा, मिशीला काजळ पुरतं.

दोन गट करून शर्यत लावण्याचा मोह होईल, तो टाळा. सहाव्या वर्षी हरणं झेपत नाही. सगळे एकाच गलबतावरचे, प्रत्येक खूण वेगळ्या मुलाने उघडायची. चार वाजता बोलवा आणि उजेड असेपर्यंत शोध संपवा.

खाण्याचं थोडक्यात: ढोकळ्याच्या तुकड्यांवर कागदी शिडं, भेळ, सरबत, केक. शिडांना टूथपिक नको, आइसक्रीमच्या चपट्या काड्या वापरा.

खजिन्यासाठी आंब्याची जुनी लाकडी पेटी मिळाली तर उत्तम, पण आधी खिळे आणि कुसळं बघून घ्या. आत सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी, मण्यांच्या माळा आणि सोनेरी कागदात गुंडाळलेले कंदी पेढे. साताऱ्यातला खजिना कंदी पेढ्यांशिवाय मला पटणारच नाही! भांडण होतं ते इथेच, वाटपाला. चाच्यांच्या जहाजांवरही लुटीचे हिस्से आधीच लिहून ठरवलेले असत, कप्तानाला जास्तीत जास्त दोनेक हिस्से मिळत. तुम्हीही शोध सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांकडून ‘प्रत्येकाला सारखा वाटा’ असं मोठ्याने वदवून घ्या, नावं घातलेल्या पिशव्या तयार ठेवा आणि वाटायचं काम आजींकडे द्या. लहान भावंडं सोबत येतातच, तेव्हा तीनचार पिशव्या जास्तीच्या भरा.