वाचक विचारतात : फत्तेपूर सिक्री

प्रश्न : आग्र्यात दोन दिवस आहोत, सिक्रीसाठी अर्धा दिवस पुरेल का? सोबत सत्तरीची आई आहे, गुडघे दुखतात.

पुरेल, पण तो अर्धा दिवस सकाळचा हवा. आग्र्यापासून सिक्री सुमारे ३७ किलोमीटर आहे. वास्तू सूर्योदयाला उघडते, तेव्हा दार उघडताना तिथे पोहोचलात तर ऊन तापायच्या आत महाल पाहून होतील. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, म्हणून पुष्कळ जण सिक्री नेमकी शुक्रवारीच ठेवतात. त्या दिवशी गर्दी तर असतेच, शिवाय दुपारी जामा मशिदीत जुम्म्याची नमाज असते. जमल्यास दुसरा वार धरा.

सिक्रीचे दोन भाग आहेत हे आधी लक्षात घ्या. महालांना तिकीट लागतं. मशीद आणि तिच्या आवारातल्या सूफी संत सलीम चिश्तींच्या दर्ग्याला लागत नाही. महालांच्या आवारात दोन बाजूंनी शिरता येतं : दिवान-ए-आमकडून (आम दरबाराच्या जागेकडून) आणि जोधाबाई महालाकडून. आईंसाठी दिवान-ए-आमकडून आत जा आणि जोधाबाई महालाकडून बाहेर पडा. तिथून मशिदीचा बादशाही दरवाजा अगदी जवळ आहे. मशिदीत जायचं ते याच दाराने, आणि आईंना परतही याच दाराने आणा. मशिदीच्या दक्षिणेकडच्या बुलंद दरवाजाच्या बाहेरच्या पायऱ्या उंच आणि खड्या आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. खासगी गाडी खालच्या वाहनतळावर ठेवावी लागते, तिथून बस वर नेते.

मशिदीच्या आवारात चपला काढाव्या लागतात. दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून जाड मोजे बरोबर ठेवा. वाहनतळावरच “मी सरकारी गाइड” म्हणत कुणी चिकटलं, तर ओळखपत्र पाहा आणि पैसे आधी ठरवा. “फुकट दाखवतो” म्हणणारा पुढे दर्ग्यासाठीच्या चादर आणि धाग्याच्या दुकानापाशी उभा करतो.

प्रश्न : दिवान-ए-खासमधल्या त्या एका खांबाचं एवढं कौतुक का? आम्हाला तर इमारत लहानच वाटली.

लहान आहेच. बाहेरून दुमजली वाटते, आत शिरल्यावर कळतं की छतापर्यंत एकच उंच दालन आहे. मधोमध तो खांब : बुंधा चौकोनी, वर अष्टकोनी, आणि माथ्याजवळ ३६ नागमोडी तोडे (बाहेर काढलेले दगडी आधार) थराथरांनी बाहेर झेपावलेले. त्या तोड्यांवर गोल चौथरा बसवलाय आणि चौथऱ्यापासून चार दगडी पूल चार कोपऱ्यांकडे गेलेत. अकबर तिथे बसे की तिथे जडजवाहीर ठेवलं जाई, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तो वाद गाइडवर सोडा आणि खांबाच्या अगदी जवळ उभे राहून सरळ वर पाहा. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडाच पुढे आलाय. दगड दाब भरपूर सोसतो, ताण मात्र सोसत नाही. एकदम लांब बाहेर काढला तर मोडतो. म्हणून भार असा टप्प्याटप्प्याने खांबाकडे आणलाय.

हे एकदा डोळ्यांत बसलं की सगळी सिक्री वाचता येते. बुलंद दरवाजा आणि मशिदीत कमानी ठळक आहेत, पण महालांत राज्य आहे खांब, तोडा, तुळई आणि वर पसरलेल्या दगडी फळ्यांचं. जुन्या वाड्यातली लाकडी जुळणी आठवा, तीच इथे लाल वालुकाश्मात उतरली आहे. तोडा कशासाठी? तुळईचा अधांतरी भाग आखूड होतो आणि ती मधोमध तडकत नाही. ‘तुर्की सुलताना’ बेगमेचं म्हणून दाखवतात त्या घरात तर कारागिरांनी दगडाला लाकूडच समजून कोरलंय. खालच्या पट्ट्यातलं जंगलाचं दृश्य पाहा. त्यातल्या प्राण्यांची डोकी नंतर कुणीतरी छिन्नीने उडवली आहेत.

पंचमहाल या पाच मजली इमारतीत खांब मोजायचे असतील तर खालून वर ८४, ५६, २०, १२ आणि ४, एकूण १७६. वर जायला बंदी आहे. पूर्वी खांबांमध्ये जाळ्या होत्या, त्यामुळे आज दिसतो तितका तो उघडा नव्हता.

भिंतींच्या तळाला दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसतील. वालुकाश्म थराथरांचा असतो. ओल वर चढते, क्षार सुकून फुगतात आणि थर सुटतो. हात लावून पापुद्रा काढू नका, आणि मुलांनाही सांगा.

प्रश्न : पाणी संपलं म्हणून अकबराने हे शहर सोडलं ना?

शाळेत तसंच सांगतात, आणि पाण्याची अडचण खोटी नव्हती. वायव्येला मोठा तलाव होता, बाकी तीन बाजूंना तट. १५८२ मध्ये तलावाचा बांध फुटला होता. पण १५७१ च्या सुमारास वसवलेली राजधानी अकबराने सोडली ती १५८५ मध्ये. त्याच वर्षी त्याचा काबूलचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम वारला, वायव्य सरहद्द सांभाळायची होती आणि दरबार लाहोरकडे हलला. तहान हे एकमेव कारण धरलं तर हा मेळ बसत नाही. शिवाय सिक्री एका रात्रीत ओस पडली नाही : आग्र्यात साथ असताना १६१९ मध्ये अकबराचा मुलगा जहांगीर इथे येऊन राहिला होता.

प्रश्न : जोधाबाई आणि बिरबल खरंच त्या घरांत राहत होते का?

या नावांवर विसंबू नका. जहांगीरच्या आईचा किताब मरियम-उझ-झमानी. ‘जोधाबाई’ हे नाव तिला नंतर चिकटलं. बिरबलाचं म्हणून दाखवतात ते घर जनानखान्याच्या भागात आहे. दरबारातला परपुरुष तिथे बिऱ्हाड करील, हे पटत नाही. नाव विसरा आणि जोधाबाई महालाच्या छपरावरच्या निळ्या कौलांकडे बघा. लाल दगडात ती चटकन उठून दिसतात.

प्रश्न : फोटोसाठी कोणती वेळ चांगली?

बुलंद दरवाजा दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणून हिवाळ्यात दिवसभर उजेड मिळतो. पायऱ्यांसकट उंची सुमारे ५४ मीटर, तेव्हा पायथ्याशी उभं राहून तो कॅमेऱ्यात मावत नाही. बरंच मागे सरा. सलीम चिश्तींच्या संगमरवरी दर्ग्यात जाळीतून येणारा उजेड टिपायचा तर ऊन तिरकं असताना आत जा. डोकं झाका, आणि कुणी प्रार्थना करत असेल तर कॅमेरा खाली ठेवा. स्टँड वापरायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा, नाहीतर दारातूनच परत पाठवतील.