सहा हजारांची वजावट आणि सोशल सिक्युरिटी

अमेरिकेत राहता आणि पासष्टी ओलांडलीत, तेव्हा '६,००० डॉलरची वजावट आली, सोशल सिक्युरिटीवरचा (म्हणजे सरकारी पेन्शनवरचा) टॅक्स गेला' हे तुमच्याही कानावर आलंच असेल. त्यावर भिस्त ठेवू नका.

वजावट खरी आहे. २०२५ ते २०२८ अशी चार वर्षं, ६५ पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी ठरावीक वजावट) घेत नसलात तरी. पण ती बेनिफिटला, म्हणजे सोशल सिक्युरिटीतून मिळणाऱ्या रकमेला, हात लावत नाही. बेनिफिटचा किती भाग करपात्र, हे तिच्या आधीच ठरतं: बाकीचं सगळं उत्पन्न (करमुक्त व्याजसुद्धा!) अधिक निम्मं बेनिफिट. ही बेरीज एकट्याची २५,००० किंवा जोडप्याची ३२,००० च्या वर गेली की टॅक्स सुरू. हे आकडे १९८४ पासून तसेच आहेत, महागाई कुठल्या कुठे गेली तरी.

कागद-पेन्सिल घ्या. एकटी व्यक्ती, बेनिफिट २४,०००, आयआरएतून (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून) काढले ३०,०००. बेरीज ४२,०००, सरकारी सूत्राने करपात्र बेनिफिट ११,३००. नवी वजावट घ्या, न घ्या, ११,३०० हलत नाहीत. फायदा होतो तो खाली, एकूण करपात्र उत्पन्नात: १२ टक्क्यांच्या टप्प्यात ७२० डॉलर वाचतात. वाईट नाही.

एकट्याचं उत्पन्न ७५,००० च्या, जोडप्याचं १,५०,००० च्या पुढे गेलं की वरच्या दर शंभरामागे प्रत्येकाची वजावट ६ डॉलरने घटते. म्हणून डिसेंबरात आयआरएतून मोठी रक्कम काढण्याआधी मी दोनदा हिशेब मांडतो. आणि हो, नवरा-बायकोने वेगवेगळं रिटर्न भरलं तर ही वजावट मिळतच नाही.