‘पोरं आहेत, चालायचंच’ म्हणणाऱ्या शाळेला जबाबदार धरता येतं का?

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. बोलताना तो अडखळतो. शाळा राज्य मंडळाची, विनाअनुदानित, इंग्रजी माध्यमाची. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवीतली तीन-चार मुलं त्याच्या मागे लागली आहेत. बसमध्ये त्याला स्वतःचं नाव सांगायला लावतात आणि तो अडकला की सगळे मिळून आकडे मोजतात. मधल्या सुट्टीत टॉयलेटमध्ये त्याची चड्डी ओढली. तेव्हापासून तो शाळेत लघवीलाच जात नाही. पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी येते. गेल्या महिन्यात टॉयलेटच्या पायरीवरून त्याला ढकललं, हनुवटीला टाके पडले. डायरीत शेरा आला, ‘खेळताना पडला.’ मी वर्गशिक्षिकांना सांगितलं, मुख्याध्यापिकांना भेटले. ‘पोरं आहेत, चालायचंच. तुम्हीच त्याला जरा धीट करा,’ असं त्या म्हणाल्या. मिस्टर म्हणतात, भांडण नको, दाखला काढू. सासूबाई म्हणतात, त्या मुलांनाच शाळेतून काढायला लावा. शाळेवर केस होऊ शकते का?
– एक आई, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, शाळेला जबाबदार धरता येतं. पण तुमच्या पत्रात मी एक गोष्ट शोधत होते आणि ती मला दिसली नाही. वर्गशिक्षिकांना सांगितलंत, मुख्याध्यापिकांना भेटलात, सगळं तोंडी. शाळेच्या दप्तरी तुमच्या मुलाबद्दल आज एकच नोंद आहे, ‘खेळताना पडला.’

माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात शाळेने लेखी उत्तर दिलं होतं की पालकांनी छळाबद्दल कधीही कळवलेलं नाही. आई तर महिनोन् महिने खेटे घालत होती. आम्ही गेटवरची भेटीची वही मागवली. तिथे तिचं नाव होतं, वेळ होती, सही होती, आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात वॉचमनने प्रत्येक वेळी लिहिलं होतं, ‘फी’. ती बाई माझ्यासमोर त्या रकान्याकडे बघत बसून राहिली. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला पहिल्या भेटीत हेच सांगते की आज घरी जा आणि अर्ज लिहा.

कारण असं आहे. एक मूल दुसऱ्याला पहिल्यांदा ढकलतं तेव्हा शाळेचा दोष सिद्ध करणं अवघड जातं. हे आधी कसं कळणार, असा बचाव शाळा घेते आणि तो पुष्कळदा खराही असतो. पण शाळेला कळलं, तरी तिने टॉयलेटपाशी कुणाला उभं केलं नाही, बसमध्ये जागा बदलल्या नाहीत, त्या मुलांच्या पालकांना बोलावलं नाही आणि मग मुलाला इजा झाली, तर तो हलगर्जीपणा ठरतो. म्हणून शाळेला कोणत्या तारखेला कळलं, यावर तुमचं सगळं प्रकरण उभं राहणार आहे. ती तारीख कागदावर आणणं तुमच्या हातात आहे.

पण त्याआधी मुलाला डॉक्टरांकडे न्या. लघवी दाबून ठेवणारी मुलं पाणी पिणं कमी करतात, त्यातून जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही. हे कोर्टासाठी नाही, त्याच्यासाठी. डॉक्टरांना कारण मात्र स्पष्ट सांगा, ते केसपेपरवर लिहितील. टाके घातले त्या दिवसाचा केसपेपरही काढून बघा. गडबडीत कुणीतरी ‘पडला’ एवढंच सांगितलेलं असतं आणि तेवढंच लिहिलं जातं. तसं असेल तर पुढच्या तपासणीत ‘ढकलल्याने पडला, असे मूल सांगते’ अशी नोंद करून घ्या.

आता अर्ज. मुख्याध्यापिकांच्या नावे लिहा, प्रत संस्थेच्या सचिवांना द्या. रागाची भाषा नको, ‘तुमची शाळा नालायक आहे’ वगैरे काही नको. तारीख, जागा, काय झालं, तेव्हा कोण मोठं माणूस हजर होतं, एवढंच. साधारण असं :

‘दिनांक अमुक रोजी मधल्या सुट्टीत तळमजल्यावरील मुलांच्या स्वच्छतागृहात माझ्या मुलाची चड्डी ओढण्यात आली. दिनांक अमुक रोजी त्याच ठिकाणी त्याला पायरीवरून ढकलले व हनुवटीला टाके घालावे लागले. डायरीतील “खेळताना पडला” हा शेरा मला मान्य नाही. याबाबत मी दिनांक अमुक रोजी वर्गशिक्षिकांना व दिनांक अमुक रोजी आपणांस तोंडी सांगितले होते. कृपया (१) मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाबाहेर कर्मचारी नेमावा, (२) बसमध्ये मुलाची जागा बसमधील ताईंशेजारी ठेवावी, (३) संबंधित मुलांच्या पालकांची बैठक घ्यावी, (४) त्या दिवसाचे व्हरांड्यातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे, आणि केलेली कार्यवाही सात दिवसांत लेखी कळवावी.’

चौथा मुद्दा लगेच मागा, कारण काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवं चढतं. तोंडी सांगितल्याच्या तारखा आठवून लिहा, त्या दिवशीचा फोन किंवा वर्गशिक्षिकांना पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. दोन प्रती न्या, ऑफिसात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्लार्क म्हणाले, ‘ठेवून जा, मॅडमना दाखवतो,’ तर ठेवून येऊ नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

सात दिवसांची मुदत मी मनाने घातलेली नाही. रॅगिंगला मनाई करणारा महाराष्ट्राचा १९९९चा कायदा आहे. तो फक्त कॉलेजांपुरता आहे, असं पालकही समजतात आणि शाळाही. त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या मात्र शिक्षण देणाऱ्या कुठल्याही संस्थेला कवेत घेण्याइतकी रुंद आहे. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, विद्यार्थ्याला लाज किंवा भीती वाटेल असं वागणं, त्याला मनाविरुद्ध काही करायला लावणं, हे सगळं रॅगिंगमध्ये येतं, मग ते आवारात घडो वा बाहेर. बसमध्ये नाव म्हणायला लावून आकडे मोजणं यात नेमकं बसतं. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. ती टाळली तर प्रमुखानेच त्या गुन्ह्याला चिथावणी दिली असं कायदा धरतो, आणि शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पाचवीतल्या मुलांवर हा कायदा उगारायला मी तुम्हाला सांगत नाही. मला त्यातलं प्रमुखाचं कर्तव्य महत्त्वाचं वाटतं, आणि अर्जात या कायद्याचा एका ओळीत उल्लेख केला की ऑफिसातली हालचाल बदलते.

शिक्षण हक्क कायद्याचं (२००९) कलम १७ सुद्धा लिहा. कुठल्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास होता कामा नये, असं ते म्हणतं. लोक ते शिक्षकांच्या छडीपुरतं वाचतात. कलमात मात्र त्रास देणारा शिक्षकच असला पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, आणि शाळेने डोळ्यांदेखत चालू दिलेला छळही त्यात यावा, असं माझं वाचन आहे. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर याच कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण खात्याकडे लेखी तक्रार करा. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) यांबद्दल शाळांना पुन्हा बजावलं आहे. तुमच्या शाळेत ही समिती कागदावर तरी असेल. तिच्यात कोण आहे, बैठक शेवटची कधी झाली, हे अर्जात विचारा. शालेय बसच्या नियमांप्रमाणे परिवहन समितीही असावी लागते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. त्यामुळे ‘बस कंत्राटदाराची, तिथलं आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही.

आता तुमच्या घरातल्या दोन सूचनांबद्दल.

सासूबाईंना सांगा, आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने तसं बजावलं आहे. २०१९च्या दुरुस्तीने मुलांना नापास करायची मुभा दिली, शाळेतून काढायची नाही. हेच कलम तुमच्या मुलाच्याही पाठीशी आहे. तक्रार केली म्हणून शाळा त्याला काढू शकत नाही, तशी गर्भित धमकी कुणी दिली तर तीही तारखेसह लिहून ठेवा. आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांच्या मुलाला हाकलून काय मिळणार? आकडे मोजायची कल्पना त्याला सुचली कशी, हेही कुणीतरी मायेने विचारायला हवं आहे. फौजदारी कायदाही इतक्या लहान मुलांकडे वेगळ्या नजरेने बघतो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच धरत नाहीत, सात ते बारामध्ये त्याला परिणामांची समज होती का ते पाहतात, आणि पुढेही प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच जातं. आपला रोख शाळेतल्या मोठ्या माणसांकडे असू दे.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला कळतं. मूल रोज सकाळी रडत असेल तर शाळा बदलणं हा पळपुटेपणा नव्हे. पण अर्ज आधी द्या, दाखला मग मागा. उलट केलंत तर शाळा म्हणेल, ‘पालकांनी स्वखुशीने प्रवेश रद्द केला.’ शिवाय टॉयलेटपाशी कुणी उभं राहिलं नाही तर तुमच्या मुलाच्या जागी पुढच्या महिन्यात दुसरं मूल असेल.

केस. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो. १९९५ साली पंजाबातल्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली होती आणि चौदा मुलं बुडून गेली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केली. शाळेच्या ताब्यात असलेल्या मुलाची काळजी शाळेने आईबापांसारखी घ्यायची, हे तत्त्व त्या निकालामुळे पक्कं झालं. तुमचं प्रकरण सुदैवाने त्या टोकाचं नाही, पण तत्त्व हेच लागू होतं. ग्राहक आयोगात जायचा सल्ला कुणी देईल. राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या आहेत, तिथे वेळ घालवू नका. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ ही शेवटची पायरी. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने हेतुपुरस्सर दुर्लक्ष केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘हेतुपुरस्सर’ सिद्ध करायलाही पुन्हा तुमचे शिक्का मारलेले अर्जच लागतील.

चड्डी ओढण्याच्या प्रकारात गुप्तांगाला हात लावणं, फोटो काढणं असं काही असेल तर मात्र थांबू नका. तो पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा विषय होतो. कळल्यावर पोलिसांना न सांगणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो शाळेलाही लागू होतो. मुलाला खोदून विचारू नका, बालसमुपदेशकांकडे न्या. मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर फोन केलात तरी मदत मिळते.

आणि त्याला ‘धीट’ करायच्या नादी लागू नका. आठ वर्षांच्या मुलाने पाचवीच्या चार मुलांना पुरून उरावं ही अपेक्षाच चुकीची आहे. तो अडखळतो यात त्याचा काही दोष नाही, हे त्याला घरात रोज ऐकू द्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या नव्हे, खासगी अनुदानित शाळेत चौथीला शिकवते. वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत. मधल्या सुट्टीत आम्हा दोघींवर पूर्ण मैदान असतं. एखाद्या मुलाला इजा झाली तर जबाबदारी माझी का?
– एक शिक्षिका, लातूर

उत्तर : बाई, तुम्ही जागेवर होतात आणि दिसलं ते थांबवलंत, तर एकट्या तुम्हाला कुणी धरू शकत नाही. पुरेशी माणसं नेमणं हे व्यवस्थापनाचं काम आहे. शाळेच्या सुरक्षिततेत हयगय झाली तर व्यवस्थापनाची जबाबदारी ठरवण्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्या अमलात आणा असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये राज्यांना सांगितलं. अडचण अशी की दोघींवर पूर्ण मैदान असतं, हे तुमच्याशिवाय कुणी लिहून ठेवलेलं नाही. मुख्याध्यापकांना अर्ज द्या : मैदानाचा कोणता कोपरा दिसत नाही, टॉयलेटपाशी कुणी नसतं, आणखी किती जणांची ड्युटी लागेल. पोच घ्या. एखादं मूल रडत सांगायला आलं की त्या दिवशीच्या टाचण वहीत दोन ओळी लिहा, मुलाचे शब्द जसेच्या तसे, आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. डायरीत मात्र ‘खेळताना पडला’ असं स्वतः पाहिल्याशिवाय कधीही लिहू नका, कुणी वरून सांगितलं तरी. खाली सही तुमची असते.