जोडकेळ्याबद्दल

अगं पोरी,

रविवारी पिशवीतून जोडकेळं काढून तू विचारलंस, "मावशी, हे खाल्लं की जुळी होतात म्हणे, खाऊ का?" मी हसले. हसायला नको होतं. केळंच ते, खा खुशाल. पण त्याच पिशवीत मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणलेली, अंडी सुटायच्या गोळ्यांची पट्टी होती. तिला हात लावायचा नाही.

सासरी जुळी आहेत म्हणून तुलाही होतील, हा हिशोबच चुकला. वेगवेगळ्या चेहऱ्यांची जुळी होतात ती बाईची दोन अंडी एकाच महिन्यात सुटली तर. अंडी तुझी, नवऱ्याच्या आत्याची नव्हेत. तुझ्या आईकडे असती तर गोष्ट वेगळी. एकसारखी जुळी तर १००० बाळंतपणांत ३-४, आणि तीही सहसा घराण्यातून येत नाहीत.

तू आधी रक्त बघ. हिमोग्लोबिन ८.६ आहे तुझं, निदान १२ हवं. लोहाच्या गोळ्या मळमळतं म्हणून टाळतेस, घेतलीच तर वर चहा पितेस! एकाला पुरत नाही तिथं दोघांची पंगत कशी वाढणार?

नोकरीला लागले त्या वर्षी ओपीडीत अशीच एक आली होती. हिमोग्लोबिन ७, केसपेपरवर मीच लिहिलं. अंडी किती वाढलीत हे सोनोग्राफीत न बघताच तिला गोळ्या लिहून दिल्या गेल्या. मी पेपर पुढे सरकवला. सातव्या महिन्यात ती कळा देत आली, पोटात तिळी. एकच बाळ घेऊन घरी गेली. नव्या नर्सनं मोठ्या डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं नसे तेव्हा. नसेच. आता मी रक्त रक्त करते, त्याला तू कटकट म्हण.

"एकदाच दोन झाली की सुटले," म्हणालीस. कसली सुटका? जुळ्यांतली निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांआधीच येतात, आईचा बीपी चढतो तो वेगळाच. फॉलिक ॲसिड मात्र आजपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहायची वाट बघू नकोस. आणि खरंच जुळी राहिली, तर पोटात बाळांना पोसणारी वार एक की दोन हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत विचारून घे. पण ते पुढचं. आधी रक्त.

बुधवारी गंगेवरच्या बाजारातून येताना ती पट्टी माझ्याकडे आणून दे. सोबत लिंबं आण, लोहाची गोळी चहाऐवजी सरबताबरोबर घेऊन बघू. आणि केळं काळं पडायच्या आत संपव.

तुझी,
मावशी