दोन सिंगल बेड, एक खोली: सुरुवात गादीपासून

दुकानात जाण्याआधी गादीचं माप पक्कं करा, पलंग त्यावरून ठरतो. आपल्याकडे सिंगल गादी साधारण ७२×३०, ७२×३६, ७५×३६ किंवा ७८×३६ इंचांत मिळते. ३० इंची स्वस्त पडते, पण वाढत्या मुलाला तीवर कूस बदलणं जड जातं. मुलांसाठी मी ७५×३६ च सुचवेन.

नवखे हमखास चुकतात ते इथे: गादीचं माप म्हणजे पलंगाचं माप नव्हे. चौकटीमुळे रुंदी ३९ आणि उशाकडच्या फळीसकट लांबी ८० इंचांपर्यंत जाते. आतलं माप विचारल्याशिवाय गादी घेऊ नका.

आता १०×१० ची खोली, म्हणजे १२० इंच. दोन्ही पलंग समोरासमोरच्या भिंतींना लावले की मध्ये ४२ इंच उरतात. ऐसपैस! पायथ्याशी मात्र ४०च. तिथे २४ इंच खोल कपाट पलंगासमोर ठेवलं तर राहतात १६ इंच, आणि दार उघडत नाही. म्हणून कपाट मधल्या वाटेच्या टोकाला ठेवा, दारं वाटेत उघडतील.

आणखी तीन गोष्टी:
- माप स्वतः टेपने घ्या, स्कर्टिंगपासून (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) स्कर्टिंगपर्यंत. नकाशावर विसंबू नका.
- खोलीचं दार पूर्ण उघडून जमिनीवर खडूने कमान आखा.
- पलंगाखालचे ड्रॉवर समोरासमोर नकोत, दोन्ही एकदम उघडले की उभं राहायला जागा उरत नाही. वर उचलायची फळी बरी.

लाकूड कोणतं, ते माप ठरल्यावर बघू.