टीव्ही, सेट टॉप बॉक्स, साउंडबार आणि फायर स्टिक: चौघांसाठी एकच युनिव्हर्सल रिमोट कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गावी आईबाबांपुढे चार रिमोट पडलेले असतात, भलत्याच रिमोटचं बटण दाबलं जातं आणि मग ‘आवाज गेला’ म्हणून तुम्हाला फोन येतो. आमच्या नात्यात आणि सोसायटीत अशी जुळवाजुळव बहुतेक वेळा माझ्याकडेच येते, म्हणून सांगतो. चारांचा एक करण्याचा हट्ट सोडा. दोनावर आणा: एक रोजचा, एक फायर स्टिकचा (टीव्हीत खोचायची, नेटवरचे सिनेमे-मालिका दाखवणारी अ‍ॅमेझॉनची कांडी). आणि युनिव्हर्सल रिमोट लगेच ऑर्डर करू नका. बऱ्याच घरांत तो लागतच नाही.

आधी कोणतं यंत्र काय ऐकतं ते बघा. सेट टॉप बॉक्स आणि साउंडबार बहुतेक करून इन्फ्रारेडवर, म्हणजे आयआरवर चालतात. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा एलईडी डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लुकलुकवतो, तोच निरोप. फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोट त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा; पडद्यावर जांभळट ठिपका चमकला तर आयआर. फायर स्टिकचं वेगळं आहे. तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, म्हणून तर ती टीव्हीच्या मागे लपलेली असूनही चालते. बाजारातला साधा युनिव्हर्सल रिमोट तिच्यापुढे कितीही नाचवा, उपयोग नाही. ‘सगळ्या उपकरणांसाठी’ असं खोक्यावर छापलेलं असतं, ते याबाबतीत वाचायचं नाही. स्मार्ट टीव्हीच्या ब्लूटूथ रिमोटवरचं माइकचं बटणही साध्या रिमोटला जमणार नाही, पण चालू-बंद आणि आवाज बहुतेक टीव्हींना आयआरनेही कळतो.

आता फुकटातलं काम. टीव्ही आणि साउंडबार एचडीएमआयने जोडा, दोन्हीकडे ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी सोय) लिहिलेल्या पोर्टमध्ये. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआय केबलमधून एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोय, चालू करा. ते त्या नावाने सापडेलच असं नाही: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. एकाच सोयीची ही बारशी कंपन्यांनी का घातली, देव जाणे. ते चालू झालं की टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो आणि टीव्ही बंद केला की बारही झोपतो. साउंडबारचा रिमोट इथेच बाद.

राहिला सेट टॉप बॉक्स. सीईसी त्याला बहुधा कळत नाही. पण डीटीएचच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीची तीन-चार बटणं वेगळी दिलेली असतात, बहुतेकांनी ती कधी दाबलेलीही नसतात. ती टीव्हीच्या रिमोटकडून शिकवता येतात किंवा कोड टाकून चालवता येतात. कोणती बटणं किती वेळ धरायची हे कंपनीनुसार बदलतं, तुमच्या मॉडेलचं पत्रक बघा. तुमचे आईबाबा मालिका आणि बातम्याच बघत असतील, तर हाच त्यांचा रोजचा रिमोट.

एक गोष्ट इथे हमखास राहून जाते. बॉक्सचा स्वतःचा आवाज एकदा जवळजवळ पूर्ण वर नेऊन ठेवा आणि यापुढे फक्त टीव्हीचा किंवा बारचा आवाज हलवायचा असं ठरवा. दोन ठिकाणी आवाज बदलता येतो तोवर ‘आवाज गेला’चे फोन येतच राहणार.

फायर स्टिकच्या बहुतेक रिमोटमध्ये आयआरही असतं, टीव्हीच्या आवाजासाठी आणि चालू-बंदसाठी. सेटिंगमध्ये उपकरणांच्या नियंत्रणाचा भाग आहे, तिथे टीव्ही किंवा साउंडबारची कंपनी निवडली की तो कोड आपोआप बसतो. मग तो रिमोट स्टिकबरोबर आवाजालाही पुरतो.

एवढं करूनही अडलं, म्हणजे बार जुना असेल किंवा ऑप्टिकल केबलने जोडलेला असेल (त्या केबलमधून सीईसी जात नाही), तर मग रिमोट विकत घ्या. घेताना शिकणारा, म्हणजे ‘लर्निंग’ रिमोट मागा. कोडवाल्या रिमोटला फक्त छापील यादीतल्या कंपन्या येतात, आणि आपल्याकडच्या स्वस्त टीव्हींचे ब्रँड त्या यादीत बऱ्याचदा नसतात. शिकणारा रिमोट मूळ रिमोटचा सिग्नल उचलतो, कंपनी कुठली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कल्पना जुनी आहे: अ‍ॅपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियाक यांनी अ‍ॅपल सोडल्यावर असाच रिमोट बनवून १९८७मध्ये विकायला आणला होता. महागड्या हार्मनी रिमोटची शिफारस अजूनही जागोजागी दिसेल, पण लॉजिटेकने ते बनवणं २०२१मध्ये थांबवलं. जुना साठा चढ्या भावाने घेऊ नका.

पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. मूळ रिमोट बरोबर न्या आणि दुकानातच एक परीक्षा घ्या: एक बटण शिकवा, सेल काढा, दोन-चार मिनिटं गप्पा मारा, सेल परत घाला. बटण विसरला तर तो रिमोट तिथेच ठेवून या. स्वस्तातले काही रिमोट सेल बदलले की कोरे होतात, आणि ते सेल नेमके तुम्ही गावी नसताना संपणार.

शिकवायची पद्धत साधारण अशी. दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेवा, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर. मूळ रिमोटमध्ये ताजे सेल हवेत आणि वर कडक ऊन नको. नव्याचं शिकायचं बटण दिवा लागेपर्यंत धरा, मग ज्याला शिकवायचं ते बटण दाबा, मग मूळ रिमोटवरचं. दिवा लुकलुकला की घेतलं. सगळी बटणं शिकवत बसू नका: चालू-बंद, आवाज, चॅनल, आकडे, ओके आणि मागे. एवढ्यावर घर चालतं.

आकड्यांत एक गोम आहे. फिलिप्सने आणलेल्या आरसी-५ पद्धतीत दर नव्या दाबाला सिग्नलमधला एक बिट पालटतो, त्यावरून यंत्राला कळतं की बटण पुन्हा दाबलं की नुसतं धरून ठेवलंय. शिकलेला रिमोट दर वेळी तोच नमुना पाठवतो. मग ५५ दाबलं की बॉक्सला एकच ५ ऐकू येतो. असं झालं तर शिकवणं सोडून कोड वापरा, कारण कोडवाला रिमोट तो बिट स्वतः पालटतो.

एका बटणात ‘सगळं चालू’ बसवणारे रिमोटही मिळतात. आईबाबांसाठी मी ते टाळेन. बहुतेक यंत्रांचं चालू आणि बंदचं बटण एकच असतं, त्यामुळे एक जरी आधीच चालू राहिलं तर ते बंद होतं आणि बाकीची चालू. मग फोनवरून निस्तरणं अवघड. एसीचा रिमोटही यात घुसवू नका: तो दर दाबाला तापमान, पंखा, मोड असा सगळाच मजकूर पाठवतो, आणि टीव्हीच्या शिकाऊ रिमोटला तो सहसा पेलत नाही.

मूळ रिमोट टाकू मात्र नका. सेल काढून, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून एका डब्यात ठेवा. मेनू उघडायला कधीतरी तेच लागतात. टीव्ही आणि बॉक्स कुठल्या कंपनीचे, आणि बार कोणत्या केबलने जोडलाय, एवढं कळवलंत तर रिमोट घ्यावा लागेल की नाही ते सांगू शकेन.