तिजोरी आली पण नंबर नाही आला

प्रश्न : नमस्कार. पूर्व भागात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, शनिवारच्या पगाराचे पैसे ठेवायला म्हणून एका बंद पडलेल्या आडत दुकानातून जुनी तिजोरी ७,५०० ला घेतली. पाच माणसं लागली ओ टेम्पोतून उतरवायला. किल्ली मिळाली पण शेजारी शून्य ते नव्व्याण्णव आकड्यांची डायल आहे आणि तिचा नंबर विकणाऱ्याला माहीत नाही, म्हणतो वडलांना माहीत होता, ते वारले. हलवली की आत काहीतरी खुळखुळतंय. मेहुणा म्हणतो स्टेथोस्कोप आण, शेजारचा वेल्डिंगवाला म्हणतो गॅस कटरनं दहा मिनिटांत खोलतो. काय करू?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : पहिलं म्हणजे वेल्डिंगवाल्याला चहा पाजा आणि परत पाठवा. अक्कलकोट रोडला एकदा अशी कटरनं कापलेली तिजोरी मी डोळ्यानं बघितली आहे, आतली खरेदीखतं पार पापडासारखी झाली होती, हात लावला की चुरा. शिवाय दाराच्या दोन पत्र्यांच्या मधे आगीपासून वाचवणारं सारण भरलेलं असतं, काही जुन्या तिजोऱ्यांत त्यात ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत गेलेली बरी नव्हे. घण पण घालू नका. बऱ्याच तिजोऱ्यांत कुलपावर मार बसला की आत आणखी एक खिळ पडते, मग खरा नंबर मिळाला तरी दार उघडत नाही, म्हणजे साध्या कामाचं अवघड काम आपणच करून ठेवायचं.

स्टेथोस्कोपचं म्हणाल तर ते पिक्चरमध्ये ठीक. कुलपाच्या आत साधारण तीन चकत्या असतात, प्रत्येकीला एक खाच, तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची पट्टी त्यात बसते आणि हँडल फिरतं. शंभर आकडे आणि तीन चकत्या म्हणजे दहा लाख जोड्या. नुसतं हातानं चाचपून नंबर काढणारे कारागीर आहेत जगात, पण त्यात तासन् तास जातात आणि वर्षांची सवय लागते, मेहुण्याचं काम नाही ते.

मला विचाराल तर नंबर कुलपात शोधू नका, माणसात शोधा. फाइनमन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ, पुढं १९६५ साली नोबेल मिळालं त्यांना, दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर होते आणि फावल्या वेळात सहकाऱ्यांची कुलपं उघडायचे. त्यांनी सांगून ठेवलंय की साधारण पाचातलं एक कुलूप कारखान्यातून आलेल्या नंबरवरच होतं, कुणी बदललंच नव्हतं, आणि बाकीच्यांपैकी काहींनी तारखा नाहीतर गणितातले ओळखीचे आकडे लावलेले. तिथं ही तऱ्हा तर आडत दुकानात काय असणार! विकणाऱ्याच्या आईला फोन करा, जुन्या दिवाणजींना गाठा, दुकान कधी सुरू झालं, लग्न कधी, पोरं कधी झाली ते विचारा. चोपड्यांच्या आतल्या पानावर, गल्ल्याच्या ड्रॉवरखाली, देवाच्या फोटोमागं बघायला सांगा. आमच्या काकांच्या तिजोरीचा नंबर पंचांगाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं लिहिलेला निघाला, आणि तोपण टेलिफोन नंबर वाटावा असा पुढं दोन आकडे जोडून.

नंबर हाती आला तरी अर्ध्या लोकांची तिजोरी उघडत नाही, कारण फिरवायची पद्धत चुकते. बऱ्याच कुलपांना एका बाजूनं फिरवत पहिला आकडा चौथ्यांदा खुणेखाली आला की थांबायचं, मग उलट्या बाजूनं दुसरा आकडा तिसऱ्यांदा, परत पहिल्या बाजूनं तिसरा दुसऱ्यांदा, आणि शेवटी उलटं अडेपर्यंत. आकडा ओलांडला तर मागं यायचं नाही, पहिल्यापासून सुरू. डायल फिरवताना हँडल अजिबात दाबून धरू नका. डावीकडनं नाही जमलं तर उजवीकडनं सुरू करून बघा आणि जुनं कुलूप झिजलेलं असतं म्हणून एकेक आकडा पुढं-मागं करूनपण बघा, कधी ४२ चा ४३ झालेला असतो.

एवढं करून नाहीच झालं तर मग कारागीर. कंपनीचं नाव दारावर असेल तर आधी त्यांच्या सर्व्हिसवाल्याला विचारा. जाणकार माणूस दाराला नेमक्या जागी बारीक भोक पाडतो, त्यातून चकत्या बघत खाचा जुळवतो, आणि नंतर ते भोक पोलादी सळई घालून बुजवतो, तिजोरी कामाची राहते. पैसे आधी ठरवा, आणि तिजोरीच्या किमतीपेक्षा जास्त सांगत असेल तर सरळ दुसरी घ्या की! तो तुमच्याकडं खरेदीची पावती मागेल, मागायलाच पाहिजे, न मागणारा असेल तर त्याच्यापासून लांब राहा. तुम्ही पावती घेतली नसेल तर आजच विकणाऱ्याकडून साध्या कागदावर सहीनिशी लिहून घ्या.

खुळखुळतंय ते बहुतेक आतल्या खणाची किल्ली नाहीतर सुटलेला स्क्रू असेल. पण समजा सोनं निघालं, तर तिजोरी घेतली म्हणजे आतलं सोनंपण घेतलं असं होत नाही, सापडलेली दुसऱ्याची वस्तू नीट सांभाळायची जबाबदारी १८७२ च्या करार कायद्यानं सापडणाऱ्यावर टाकलेली आहे. म्हणून उघडताना विकणाऱ्याला समोर बसवा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. आणि ५००-१०००च्या जुन्या नोटा निघाल्या तर घरी आणून मिरवू नका, २०१७ च्या कायद्यानं तसल्या दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवल्या तर दंड आहे. त्या विकणाऱ्याला तिथंच दाखवा.

उघडली की कारागिराकडून नवा नंबर लावून घ्या, आणि दार उघडं ठेवूनच तो नंबर तीन-चारदा लावून बघा, खिळा आत-बाहेर होतात का ते पाहा, मगच दार ढकला. आमच्या काकांनी नवा नंबर लावला, हौसेनं दार धाडकन बंद केलं आणि कारागीर अजून जिना उतरत होता तोवर त्याला परत हाक मारायला लागली. दुसऱ्या वेळचे पैसे वेगळे घेतले त्यानं.